बाळाच्या श्वासाचा आवाज : जन्मजात श्वसनमार्ग दोषांचे निदान आणि उपचार

निरोगी बाळाचा श्वास जवळजवळ निःशब्द असतो. चोंदलेल्या नाकाचा आवाज किंवा दूध पिताना होणारी थोडी घरघर सोडली, तर शांत निजलेल्या तान्ह्याचा श्वास कानावर पडू नये. काही बाळांच्या बाबतीत मात्र जन्मानंतर काही तासांत, काही दिवसांत किंवा आठवड्यांत प्रत्येक श्वासाबरोबर एक कर्कश, ओढल्यासारखा आवाज येऊ लागतो. ‘सर्दी झाली आहे’, ‘कफ साचला आहे’, ‘बालदमा असावा’ अशी त्याची कारणे सांगितली जातात आणि पुष्कळदा ती खरीही असतात. परंतु औषधांनी तो आवाज जात नसेल, किंवा जाऊनही पुनःपुन्हा परतत असेल, तर श्वसनमार्गाच्या रचनेतच जन्मतः काही उणीव राहिली आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

नाकाच्या मागील द्वारापासून फुप्फुसांत शिरणाऱ्या मुख्य शाखांपर्यंत कोठेही असा दोष असू शकतो. यांतील सर्वाधिक आढळणारा दोष बहुतेक मुलांत शस्त्रक्रियेवाचून बरा होतो. काही दोष मात्र पहिल्या काही तासांतच प्राणावर बेततात. कोणते बाळ कोणत्या गटातील आहे, हे वेळेवर ओळखण्यावर पुढचे सारे अवलंबून असते. त्यासाठीचा पहिला पुरावा बहुधा कोणत्याही यंत्राआधी आईवडिलांच्या कानांना मिळतो.

गर्भातील जडणघडण

गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यात अन्नमार्गाच्या वरच्या भागातून एक लहानसा कोंब फुटतो. त्यातूनच पुढे श्वासनलिका आणि फुप्फुसे तयार होतात. श्वासनलिका व अन्ननलिका यांचा उगम असा एकच असल्याने त्या दोघींमध्ये पडदा तयार होऊन त्या पूर्णपणे विलग व्हाव्या लागतात. हे विलगीकरण अपुरे राहिले, तर दोन नलिकांमध्ये जोडमार्ग शिल्लक राहतो. स्वरयंत्राच्या बाबतीतही असेच घडते. त्याची पोकळी काही काळ पेशींनी बुजलेली असते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा मोकळी होते. ती पुरेशी मोकळी न झाल्यास स्वरतंतूंमध्ये पातळ पडदा राहतो किंवा त्याखालील भाग अरुंद राहतो.

जन्मानंतर प्रश्न येतो तो मापाचा. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात स्वरतंतूंच्या लगेच खाली असलेल्या भागाचा व्यास साधारण साडेचार ते साडेपाच मिलिमीटर असतो. तो चार मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास मार्ग अरुंद मानला जातो. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत आतून सर्व बाजूंनी केवळ एक मिलिमीटर सूज आली, तर व्यास दोन मिलिमीटर उरतो आणि हवेसाठीची जागा एक चतुर्थांशावर येते. हवेचा प्रवाह संथ असतानाही तेवढ्याने विरोध सोळापट होतो. आठ मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आल्यास निम्म्याहून अधिक जागा शिल्लक राहते. मोठ्या माणसाचा केवळ आवाज बसवणारी सर्दी अरुंद श्वसनमार्गाच्या बाळाला रुग्णालयात का पोहोचवते, हे या गणितावरून कळते.

आवाज कोठून येतो?

अरुंद जागेतून हवा वेगाने जाऊ लागली की तेथे खळबळ होऊन आवाज निर्माण होतो. हा कर्कश आवाज वैद्यकीय परिभाषेत ‘स्ट्रायडर’ या नावाने ओळखला जातो. तो श्वासाच्या कोणत्या टप्प्यावर येतो, यावरून दोषाच्या जागेचा अंदाज बांधता येतो. श्वास आत घेताना छातीबाहेरील मार्गाच्या भिंती आत ओढल्या जातात; त्यामुळे केवळ श्वास घेताना येणारा आवाज बहुधा स्वरयंत्रातील किंवा त्यावरील अडथळा दर्शवतो. श्वास सोडताना छातीतील दाब वाढतो आणि छातीच्या आतील नलिका दबतात. त्यामुळे श्वास सोडतानाचा आवाज छातीतील श्वासनलिका किंवा तिच्या शाखांकडे बोट दाखवतो. दोन्ही वेळा आवाज येत असेल, तर अडथळा स्वरतंतूंच्या पातळीवर किंवा त्याखालच्या भागात असण्याची शक्यता असते.

रडण्याचा स्वरही बरेच सांगतो. एका बाजूचा स्वरतंतू निकामी असल्यास रडणे क्षीण, हवा निसटल्यासारखे वाटते आणि दूध पिताना ठसका लागतो. दोन्ही स्वरतंतू हलत नसतील, तर ते मध्यभागी जवळजवळ राहतात. रडणे ठणठणीत ऐकू येते, परंतु श्वास घेणे अत्यंत कष्टाचे होते. जोरदार रडणे हे बाळ ठीक असल्याचे लक्षण समजले जाते. येथे मात्र ते फसवे ठरू शकते.

सर्वाधिक आढळणारा दोष

तान्ह्या बाळांतील अशा आवाजाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ‘लॅरिंगोमलेशिया’. यात स्वरयंत्राच्या वरील भागातील ऊती आणि झाकणासारखी घडी मऊ, लवचिक असते आणि श्वास घेताना ती आत ओढली जाऊन वाट अडवते. आवाज साधारणपणे पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो, पुढील काही महिने वाढतो आणि नंतर ओसरत जातो. उताणे निजवल्यावर, रडताना, दूध पिताना तो अधिक ऐकू येतो. बहुतेक मुलांत तो दीड ते दोन वर्षांच्या आत नाहीसा होतो.

अशा वेळी उपचार म्हणजे मुख्यतः देखरेख. वजन नियमित पाहणे, दूध थोडे थोडे व थांबून पाजणे, पाजल्यानंतर बाळाला उभे धरणे आणि पोटातील आम्ल वर येत असल्यास त्यावर औषध देणे एवढ्यावर बहुसंख्य बाळे निभावतात. मात्र वजन वाढत नसेल, बाळ निळे पडत असेल, झोपेत श्वास थांबत असेल किंवा छातीचे हाड आत जाऊ लागले असेल, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून वाट अडवणाऱ्या घड्या सोडवल्या जातात. अशी वेळ थोड्याच मुलांवर येते. त्या थोड्या मुलांना ‘मोठे झाल्यावर जाईल’ असे सांगून घरी पाठवणे धोक्याचे ठरते.

पहिल्याच तासांत ओळखावे असे दोष

नवजात बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. नाकाची मागील दोन्ही द्वारे हाडाने किंवा पडद्याने बंद असतील, तर बाळ शांत होताच निळे पडू लागते आणि रडू लागले की तोंडातून हवा मिळून पुन्हा गुलाबी होते. ही उलटी गोष्ट लक्षात आली, तर निदान प्रसूतिगृहातच होऊ शकते. दोन्ही नाकपुड्यांतून बारीक नळी घशापर्यंत जाते का, एवढे पाहणे हा पहिला तपास असतो. तोंडावाटे श्वास चालू ठेवण्याची सोय करून पुढे नाकातून दुर्बिणीद्वारे मार्ग उघडता येतो. हा दोष काही वेळा डोळे, हृदय व कान यांच्या दोषांसह येतो. म्हणून त्यांचीही तपासणी केली जाते.

फ्रेंच दंतवैद्य पिएर रॉबिन यांनी 1923 मध्ये ज्याकडे लक्ष वेधले, त्या दोषात खालचा जबडा लहान व मागे असतो; त्यामुळे जीभ मागे पडून घसा अडवते. अनेकदा टाळूही दुभंगलेली असते. रुग्णालयात, देखरेखीखाली, बाळाला पालथे ठेवल्याने जीभ पुढे येते आणि काहींना तेवढे पुरते. काहींना नाकातून घशापर्यंत मऊ नळी ठेवावी लागते. दोष तीव्र असल्यास जबड्याचे हाड कापून ते यंत्राच्या साहाय्याने दररोज थोडेथोडे लांबवले जाते.

तिसरा दोष अन्ननलिकेचा. अन्ननलिका मध्येच बंद आणि तिचे खालचे टोक श्वासनलिकेला जोडलेले, हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. तोंडातून सतत फेसाळ लाळ येणे आणि पहिल्याच दुधाला ठसका लागून बाळ निळे पडणे ही त्याची खूण. अशा बाळाला पुन्हा पाजण्याचा प्रयत्न करू नये. तोंडातून घातलेली नळी पोटापर्यंत न जाता वरच अडते आणि साध्या क्ष-किरण चित्रात ते दिसते. गरोदरपणातील सोनोग्राफीत गर्भजल वाजवीपेक्षा अधिक असणे ही कधीकधी याची पूर्वसूचना असते. अमेरिकेतील मिशिगन येथे कॅमेरॉन हाइट यांनी 1941 मध्ये हा दोष एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे दुरुस्त केला. तोपर्यंत असाध्य मानला गेलेला हा विकार आज वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास बहुसंख्य बाळांत बरा होतो.

दम्यासारखे दिसणारे दोष

खरी दिशाभूल करतात ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रकटणारे दोष. स्वरतंतूंच्या खाली रक्तवाहिन्यांची गाठ असेल, तर बाळ जन्मतः ठीक असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात श्वासाचा आवाज सुरू होतो. त्याला घशाची विषाणुजन्य सूज समजून स्टेरॉइड दिले जाते. त्याने गाठ तात्पुरती आक्रसते, आवाज कमी होतो आणि चुकीचे निदान पक्के झाल्यासारखे वाटते. औषध थांबताच त्रास परततो. हनुवटी, ओठ किंवा मानेवर लाल चट्ट्यासारखी तशीच गाठ असल्यास संशय बळावतो. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांना 2008 मध्ये एक अनपेक्षित गोष्ट आढळली : हृदयविकारासाठी वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर बाळाच्या चेहऱ्यावरील अशी गाठ विरू लागली. ज्या गाठींसाठी पूर्वी शस्त्रक्रिया करावी लागे किंवा गळ्याला छिद्र पाडावे लागे, त्यांपैकी अनेक आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या या औषधाने आटोक्यात येतात.

श्वासनलिकेच्या कूर्चा कमकुवत असतील, तर श्वास सोडताना नलिका मिटते आणि शिट्टीसारखा किंवा ठोक्यासारखा खोकला येतो. दम्याच्या वाफेने अशा मुलांना आराम पडत नाही, काहींचा त्रास वाढतोही. महाधमनीची कमान दुहेरी असेल, तर ती श्वासनलिका व अन्ननलिका यांना कड्यासारखी आवळते. अशा मुलाला श्वासाच्या आवाजाबरोबर घन आहार गिळतानाही त्रास होतो. बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी 1945 मध्ये असे कडे प्रथम कापून मुलाचा श्वास मोकळा केला. वर्षानुवर्षे दम्याची औषधे घेऊनही न सुधारणाऱ्या मुलामागे कधीकधी असेच कारण निघते.

निदान : प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही

आवाजावरून अंदाज बांधता येतो. खात्री मात्र आत डोकावूनच होते. जर्मनीतील गुस्टाव किलियन यांनी 1897 मध्ये श्वासनलिकेत नळी घालून अडकलेला हाडाचा तुकडा काढला आणि या तपासणीची वाट उघडली. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी रचलेल्या काचदांड्यांच्या भिंगप्रणालीमुळे बारीक दुर्बिणीतूनही स्वच्छ, प्रकाशमान चित्र दिसू लागले आणि तान्ह्या बाळांची तपासणी सुकर झाली.

आज दोन प्रकारच्या दुर्बिणी वापरल्या जातात. लवचिक दुर्बीण नाकातून घालून जाग्या बाळाचे स्वरयंत्र काही क्षणांत पाहता येते. श्वास चालू असतानाच वाट कशी मिटते आणि स्वरतंतू हलतात का, हे त्यातून दिसते. स्वरतंतूंखालील भागासाठी पूर्ण भूल देऊन ताठ दुर्बीण वापरावी लागते. तिच्यातून मार्गाचे माप घेता येते, बाळाला श्वास देता येतो आणि गरज पडल्यास उपचारही करता येतात. एका रुग्णात एकाहून अधिक दोष असू शकतात. म्हणून वर एक कारण सापडले तरी त्रास त्याहून अधिक असेल, तर संपूर्ण मार्ग पाहणे योग्य ठरते. रक्तवाहिन्यांच्या कड्याचा संशय असल्यास सीटी स्कॅन व हृदयाची सोनोग्राफी केली जाते. साधे क्ष-किरण चित्र उपयोगी असले, तरी ते निर्दोष दिसल्याने दोष नाही असे ठरत नाही.

उपचारांची पायरी

स्वरतंतूंखालील अरुंदपणाचे चार स्तर मानले जातात. निम्म्यापर्यंत वाट अडली असेल तो पहिला, तर वाट पूर्ण बंद असेल तो चौथा. सौम्य अरुंदपणात बाळाच्या वाढीबरोबर मार्गही वाढतो. काहींना फुग्याने वाट रुंद करणे पुरते. तीव्र अरुंदपणात बरगडीच्या कूर्चेचा तुकडा स्वरयंत्राच्या चिरेत बसवून मार्ग रुंद केला जातो. श्वासनलिकेच्या कूर्चा पूर्ण वर्तुळाकार असून ती लांबवर अरुंद असेल, तर ती मध्ये कापून, दोन्ही भाग विरुद्ध बाजूंनी चिरून एकमेकांवर सरकवून शिवले जातात. लांबी काहीशी घटते, परंतु परीघ दुप्पट होतो.

मिशिगन विद्यापीठात ग्लेन ग्रीन आणि स्कॉट हॉलिस्टर यांनी 2012 मध्ये एका बाळाच्या मिटणाऱ्या श्वासशाखेभोवती त्रिमितीय छपाईने तयार केलेला, शरीरात हळूहळू विरघळणारा आधार बसवला. हा मार्ग अद्याप सर्वत्र उपलब्ध झालेला नाही. गर्भातच वाट पूर्ण बंद असल्याचे सोनोग्राफीत कळले, तर सुसज्ज रुग्णालयात बाळाला अंशतः बाहेर काढून, नाळेतून रक्तपुरवठा चालू असतानाच श्वासाची नळी बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते.

इतर मार्ग न उरल्यास किंवा पुढील शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळवण्यासाठी गळ्याला छिद्र पाडून त्यात नळी बसवावी लागते. हे ऐकताच पालक हादरतात. ही नळी अनेक मुलांच्या बाबतीत काही वर्षांपुरतीच असते. परंतु तिची जबाबदारी मोठी आहे. नळीतील स्राव यंत्राने ओढणे, नळी बदलणे आणि ती अडकल्यास तत्काळ काय करावे, हे घरातील किमान दोघांना शिकवूनच मुलाला घरी पाठवावे. नळीमुळे रडण्याचा आवाज येत नसल्याने त्या मुलाला एकटे सोडता येत नाही.

घरापासून रुग्णालयापर्यंत

शस्त्रक्रियेचे कसब मोठ्या शहरांतील रुग्णालयांत एकवटलेले आहे. दोष मात्र कोठेही जन्मतो. म्हणून पहिली चाळणी गावातच व्हावी लागते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. पुढे 2011 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींची पद्धत आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. श्वासाचा आवाज सुरू होण्याचा काळही बहुधा हाच असतो. वजनाच्या नोंदीबरोबर या आवाजाचीही नोंद झाली, तर वेळेवर पुढे पाठवणे शक्य होते.

फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. त्यातील जन्मजात दोषांच्या नऊ नावांत दुभंगलेले ओठ व टाळू, हृदयविकार, वाकडे पाऊल, मोतीबिंदू, बहिरेपणा आदींचा समावेश आहे. श्वसनमार्गाच्या दोषांना स्वतंत्र स्थान नाही. तरीही हे दोष हृदय किंवा टाळूच्या दोषांसोबत अनेकदा येत असल्याने तपासणी करणाऱ्या पथकाने श्वास ऐकणे अगत्याचे आहे. आजारी नवजात बालकासाठी सरकारी रुग्णालयात उपचार व वाहतूक मोफत देणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून 2011 पासून लागू आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आयुष्मान भारत किंवा राज्याच्या योजनेचा लाभ मिळतो का, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे.

केव्हा थांबू नये?

मराठीत ‘पोट उडणे’ आणि हिंदीत ‘पसली चलना’ म्हणतात ते लक्षण, म्हणजे श्वासागणिक बरगड्यांमधील किंवा गळ्याखालील भाग आत ओढला जाणे, धोक्याचे असते. दोन महिन्यांखालील शांत बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक असणे, श्वास मध्येच थांबणे, दूध पिताना दमून सोडून देणे, वजन न वाढणे, अंग ढिले पडणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. निळेपणा सावळ्या त्वचेवर सहज दिसत नाही. तो जीभ आणि ओठांच्या आतील बाजूस पाहावा. जोराने येणारा आवाज एकाएकी मंदावला आणि बाळ सुस्त झाले, तर ती सुधारणा समजू नये. बाळ थकल्याची ती खूण असू शकते.

तातडीची लक्षणे नसतील, तेव्हा एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आवाज अनेकदा थांबलेला असतो. म्हणून निजलेले, दूध पिणारे आणि रडणारे बाळ यांचे छोटे चित्रीकरण मोबाइलवर करावे. त्यात छाती उघडी दिसावी आणि आवाज नीट ऐकू यावा. आवाज केव्हा सुरू झाला, कोणत्या अंगावर निजवल्यावर वाढतो, वजन किती वाढले, कोणती औषधे दिली आणि त्यांनी काय फरक पडला, याची टिपणे सोबत न्यावीत. ‘दमा’ किंवा ‘कफ’ या निदानावर दोन-तीनदा उपचार होऊनही आवाज तसाच असेल, तर श्वसनमार्ग दुर्बिणीतून पाहण्याची गरज आहे का, हा प्रश्न पालकांनी निःसंकोचपणे डॉक्टरांना विचारावा.